केंब्रिजचा दोन दिवसांचा बेत

प्रवास करणाऱ्या माणसांचे दोन वर्ग मला ठाऊक आहेत. एक वर्ग प्रवास करतो आणि दुसरा प्रवासाचा बेत करतो. मी दुसऱ्या वर्गातला. महाबळेश्वरला दोन दिवस जायचे म्हटले तरी आठ दिवस आधीपासून माझ्या खिशात टाचण असते. कोणता पॉइंट सकाळी पाहायचा, कोणता सूर्यास्ताला, चहा कुठे घ्यायचा आणि थर्मास कोणाच्या हातात राहायचा, इथपर्यंत त्यात सारे लिहिलेले असते. प्रत्यक्षात धुके पडते, मोटार बंद पडते आणि टाचण खिशातल्या खिशात भिजून जाते, ही गोष्ट वेगळी. आमची ही तर म्हणते, "तुम्ही आपले घरीच बसा आणि टाचण मोठ्याने वाचा. आम्ही ऐकतो. खर्चही वाचेल."

तरीही गेल्या मे महिन्यात आम्ही थेट विलायतेला गेलो. माझी भाची लंडनला नोकरी करते. तिचे दोन वर्षे टुमणे चालले होते, "मामा, आजोबांना घेऊन या. त्यांचे गुडघे चालताहेत तोवर या." चिरंजीवांची दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती, निकाल लागायचा होता. प्रॉव्हिडंट फंडात थोडीबहुत शिल्लक होती. कॉलेजला सुट्टी होती. तेव्हा अण्णा म्हणजे माझे वडील, ही, चिरंजीव आणि मी अशी चौघांची वरात हॅरोच्या त्या लहानशा घरात तीन आठवड्यांसाठी जाऊन उतरली.

लंडन पाहून झाल्यावर एक शनिवार-रविवार कुठेतरी बाहेर काढावा असे ठरले. भाचीने समुद्रकिनारा सुचवला, ऑक्सफर्ड सुचवले, बाथ सुचवले. अण्णा खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात या माणसाने मला अमुक हवे असे म्हटलेले मी ऐकलेले नाही. त्यांनी वर्तमानपत्र खाली न करताच विचारले, "केंब्रिज फार लांब आहे का गं?"

खोलीत सगळे गप्प झाले आणि तिथल्या तिथे गाव ठरले.

हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होते. दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ मुर्डी नावाचे गाव आहे. तिथे १८७६ साली जन्मलेला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे नावाचा मुलगा महर्षी कर्व्यांचा आप्त. तो शिकत शिकत केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ साली तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला आला. म्हणजे सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. पुढे ते परत येऊन फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि महाराष्ट्राने त्यांना रँग्लर परांजपे हेच नाव दिले. अण्णांचे लहानपण त्याच टापूत गेले. पहाटे उठवताना आमचे आजोबा त्यांना म्हणत, "मुर्डीचा रघुनाथ असा लोळत राहिला असता का?" अण्णा स्वतः पुढे त्याच तालुक्यातल्या हायस्कुलात तेहतीस वर्षे गणित शिकवीत होते. पहाटे उठवताना मलाही ते तेच वाक्य म्हणत.

मग मी टाचण करायला बसलो.

केंब्रिज लंडनपासून साठेक मैलांवर आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनावरून जलद गाडी धरली तर पाऊण-एक तासात माणूस तिथे पोचतो. पुण्याहून लोणावळ्याला जायला याहून जास्त वेळ लागतो. गाव लहान आहे. पाहण्यासारखे सारे एका मैलाच्या आत, एका नदीच्या काठाने मांडलेले आहे. मात्र या मैलात आठशे वर्षे आहेत. ऑक्सफर्डला गावकऱ्यांशी भांडण होऊन काही विद्वान तिथून निघाले आणि १२०९ साली इथे येऊन राहिले, ही या विद्यापीठाची सुरुवात. प्राध्यापकांच्या भांडणातून काही चांगले निघाल्याचे हे उदाहरण मी आमच्या स्टाफरूमसाठी मुद्दाम लिहून घेतले. विद्यापीठ म्हणजे एक इमारत नव्हे. तीसएक कॉलेजे आणि त्यांना बांधून ठेवणारे एक नाव. पीटरहाउस हे सगळ्यांत जुने कॉलेज १२८४ सालचे. किंग्ज १४४१ चे, सेंट जॉन्स १५११ चे, न्यूटनचे ट्रिनिटी १५४६ चे. आमच्या कॉलेजाचा सुवर्णमहोत्सव आम्ही केवढ्या थाटात केला होता ते आठवून मी थोडा ओशाळलो.

प्रत्येकाला विचारून मी कलमे लिहिली. हिला किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधली सायंप्रार्थना ऐकायची होती. भाचीला आम्हाला होडीतून हिंडवायचे होते. चिरंजीव म्हणाले, "काहीही चालेल." या वयाची मुले नेमके असेच म्हणतात. अण्णांना विचारले तर म्हणाले, "सेनेट हाउस. परांजप्यांचं नाव जिथं वाचलं गेलं ती जागा." एवढेच. एकंदर सतरा कलमे झाली. प्रत्येकापुढे वेळ घातली. दहा वाजून दहा मिनिटांनी अमुक, दहा चाळीसला तमुक.

अठरावे कलम मी लिहिले नव्हते. ते इथे कबूल करतो. चिरंजीवांना गणिताचा पेपर कसा गेला असे विचारले की "बरा" असे उत्तर येई. मी मराठीचा प्राध्यापक असल्याने 'बरा' या शब्दाच्या छटा मला ठाऊक आहेत. पुढे अकरावी, बारावी, प्रवेशपरीक्षा, त्यांचे गुणक्रम, हजारातला नंबर की लाखातला, याच हिशेबात वर्षभर आमच्या घरातले बोलणे अडकले होते. तेव्हा मुलाला त्या गावात उभे करावे, परांजप्यांची कथा योग्य जागी योग्य वेळी सांगावी, आणि त्याचे डोळे उघडावेत, असा माझा आतला बेत होता. सहलीचा निम्मा खर्च मी मनातल्या मनात शिक्षणखात्यावरच टाकला होता.

शनिवारी सकाळी गाडीत बसलो. ही तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा सोडत असतानाच भाची म्हणाली, "मामा, तुम्ही परीक्षांचं बघितलंत ना? मे-जूनमध्ये तिकडे परीक्षा असतात. बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद ठेवतात." मी बघितले नव्हते. वीस वर्षे परीक्षांवर देखरेख करणाऱ्या माणसाला परीक्षांचे तेवढे आठवू नये, याला काय म्हणावे! सतरांतली पाच कलमे रुळांवरच गळाली. ही खिडकीबाहेर पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते.

स्टेशन गावापासून मैलभर लांब आहे. अण्णांच्या गुडघ्यांचा विचार करून टॅक्सी केली आणि सेंट जॉन्सजवळ उतरलो. लाल विटांचा उंच दरवाजा, त्यावर कोरून रंगवलेले मुकुट, गुलाब आणि शिंगे असलेले दोन कल्पित प्राणी. लेडी मार्गारेट बोफर्ट या राजमातेच्या संपत्तीतून हे कॉलेज उभे राहिले. अण्णा रस्त्याच्या पलीकडे काठी टेकून उभे राहिले आणि त्यांनी तो दरवाजा खालपासून वरपर्यंत सावकाश पाहिला, एखादी उत्तरपत्रिका तपासावी तसा. मी म्हणालो, "अण्णा, आत जायची काही सोय होते का विचारू?" ते म्हणाले, "कशाला? मुर्डीचं पोर याच दारातून आत गेलं ना? मग झालं." आणि चालू लागले.

शेजारीच ट्रिनिटी. दरवाजावर आठव्या हेन्री राजाचा पुतळा आहे. त्याच्या हातातला राजदंड कोणा खोडकर पोरांनी कधीतरी काढून त्या जागी खुर्चीचा पाय बसवला, तो अजून तसाच आहे. उजव्या हाताच्या हिरवळीवर एक सफरचंदाचे झाड आहे. न्यूटनच्या गावच्या घरातील झाडाच्या वंशातले हे रोप १९५४ साली इथे लावले. खाली सफरचंद पडलेले नव्हते; मे महिना होता. चिरंजीवांनी झाडाचे छायाचित्र काढले. मी घड्याळ पाहिले. आम्ही टाचणापेक्षा पन्नास मिनिटे मागे होतो.

तिथून थोडे पुढे गेले की उजवीकडे सेनेट हाउस लागते. जेम्स गिब्ज या वास्तुकाराने बांधलेली ही पांढऱ्या दगडाची इमारत १७३० साली पुरी झाली. सरळ खांब, सरळ खिडक्या, पुढे हिरवळ आणि लोखंडी कठडा. आत सहसा जाता येत नाही. पदवीदान आणि समारंभ तेवढे होतात. १९५८ साली इंजिनियरिंगच्या काही विद्यार्थ्यांनी रात्रीतून एक ऑस्टिन मोटार हिच्या छपरावर नेऊन ठेवली होती, ती उतरवताना अधिकाऱ्यांच्या नाकी नऊ आले. हे ऐकल्यावर चिरंजीवांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून एखादी इमारत नीट पाहिली.

समोर ग्रेट सेंट मेरीज चर्च आहे. एवढ्यात त्याचे ठोके पडू लागले. अण्णा थबकले. "ही तर बीबीसीची धून!" खरे म्हणजे उलटे आहे. पाव तासाच्या ठोक्यांची ही धून १७९३ साली या चर्चच्या घड्याळासाठी बांधली गेली आणि पुढे लंडनच्या बिग बेनने ती उचलली. आमच्या घरातल्या जुन्या रेडिओवर रात्री जी ऐकू येई ती या गावची धून होती. "म्हणजे हे गाव मी लहानपणापासून ऐकतोय," अण्णा म्हणाले. आणि किंग्ज कॉलेजच्या पुढच्या बुटक्या भिंतीवर, जिथून सेनेट हाउस दिसते अशा टोकाला, ते बसले. नंतर ते तिथून उठेचनात.

मला हीच वेळ योग्य वाटली. मी चिरंजीवांना जवळ बोलावले, घसा साफ केला आणि अठराव्या कलमाला हात घातला. त्या काळी गणिताचा निकाल म्हणजे साऱ्या देशाचा उत्सव कसा असे, पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर कसे म्हणत, पहिल्यापासून शेवटापर्यंत गुणानुक्रमे प्रत्येकाचे नाव या घरात मोठ्याने कसे वाचत, वर्तमानपत्रांत ते कसे छापून येई, आणि १८९९ सालच्या त्या सकाळी बर्टविसल नावाच्या इंग्रज मुलाबरोबर बरोबरीने, पहिले म्हणून, आपल्या कोकणातल्या मुलाचे नाव इथे कसे घुमले, हे सारे मी सांगितले. वर्गात सांगतो त्याहून चांगले सांगितले असावे, कारण शेजारी बसलेली दोन जपानी माणसेही ऐकत होती.

चिरंजीव मोबाइलवर काहीतरी शोधत होते. मी रागावणार एवढ्यात ते म्हणाले, "बाबा, शेवटच्याला काय द्यायचे माहीत आहे? लाकडी पळी!"

"काय?"

"लाकडी पळी. भली मोठी. शेवटचा नंबर आलेला मुलगा पदवी घ्यायला गुडघे टेकून बसला की त्याचे मित्र वरच्या सज्जातून दोरीनं ती खाली सोडायचे. इथंच, याच हॉलमध्ये."

हे माझ्या टाचणात नव्हते. मी पहिल्या नंबराच्या पुढे वाचलेच नव्हते. ही आणि भाची हसत सुटल्या. चिरंजीवांना उत्साह आला. मॅक्सवेल १८५४ साली दुसरा आला होता, लॉर्ड केल्व्हिन १८४५ साली दुसरा आला होता, असे त्यांनी वाचून दाखवले. "मग मॅक्सवेलच्या वर्षी पहिला कोण?" हिने विचारले. राउथ नावाचे गृहस्थ. पुढे ते ट्रायपॉससाठी मुलांची तयारी करून घेणारे नामांकित शिक्षक झाले. "म्हणजे मास्तरच झाला ना!" अण्णा खूश होऊन म्हणाले.

भाचीनेही आपली भर घातली. १८९० साली न्यूनॅम या मुलींच्या कॉलेजातल्या फिलिपा फॉसेटला सगळ्या मुलांपेक्षा जास्त गुण पडले. पण मुलींची नावे वेगळी वाचत, त्यांना क्रमांक मिळत नसे. तेव्हा तिचे नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असे वाचले गेले. पदवी मात्र नाही. केंब्रिजने बायकांना रीतसर पदव्या दिल्या त्या १९४८ साली. "पहिल्याच्याही वर, आणि तरी यादीत नाही," भाची म्हणाली. ही म्हणाली, "घरोघरी असंच असतं." याला कोणी उत्तर दिले नाही.

"आता कोणाला देतात पळी?" अण्णांनी विचारले.

"कोणालाच नाही, आजोबा. १९०९ साली नंबर वाचणंच बंद केलं. रँग्लर अजून होतात, पण कितवा ते जाहीर करत नाहीत. पहिलाही गेला आणि पळीही गेली."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून त्या पांढऱ्या इमारतीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्र्याऐंशी."

"काय त्र्याऐंशी?" चिरंजीवांनी विचारले.

"ब्याण्णव वजा नऊ."

मला कळले. दुसऱ्या कोणाला कळणे शक्य नव्हते.

१९९२ साली मी आठवीत होतो आणि अण्णा आम्हाला गणित शिकवीत. सहामाहीचे पेपर तपासून झाले की ते वर्गात गुण वाचून दाखवीत. जास्तीपासून कमीपर्यंत, क्रमांक लावून. त्या वर्षी वर्गात बेचाळीस मुले होती. बेचाळिसावे नाव माझे होते, शंभरपैकी अकरा. त्यांनी ते इतर नावांसारखेच वाचले, आवाज चढवला नाही की उतरवला नाही. घरी आल्यावर त्या विषयावर शब्द निघाला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. त्याच परीक्षेत मी मराठीत पहिला आलो होतो. ते आईने विचारले, त्यांनी नाही. पुढे मी मराठीत एम. ए. झालो, नोकरी लागली, त्यांनी गावात पेढे वाटले. पण विषय कोणता असे कोणी विचारले की ते "भाषा" असे मोघम सांगत.

"यांनी बंद केल्यावर त्र्याऐंशी वर्षांनी मी वाचत होतो," अण्णा म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. "तुला अकरा होते."

"तुमच्या लक्षात आहे, अण्णा?"

"पेपर मीच तपासला होता. चौथं गणित तू रीतीनं बरोबर केलं होतंस, वजाबाकीत उत्तर चुकलं. दुसऱ्या कोणाला मी रीतीचे तीन गुण दिले असते. तू माझा मुलगा, म्हणून दिले नाहीत."

जवळून सायकली जात होत्या. मी म्हणालो, "चौदा झाले असते. तरी शेवटचाच आलो असतो."

"हो," अण्णा म्हणाले. "एकेचाळिसाव्याला एकोणीस होते."

आणि आम्ही दोघेही हसलो. तेहतीसेक वर्षांत त्या अकरा गुणांवर आम्ही पहिल्यांदाच हसत होतो. चिरंजीव आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते. "बाबा, तुम्हाला अकरा?" त्यांच्या आवाजात मला जो आनंद ऐकू आला तो त्यांनी लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. मी टाचणाची घडी घातली. अठरावे कलम त्याच भिंतीवर संपले.

बाकीचा दिवस कसा गेला ते थोडक्यात सांगतो. त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर काट्यांविना चालणारे एक सोनेरी घड्याळ आहे. त्याच्या माथ्यावर टोळासारखा एक विक्राळ किडा बसून जबडा उघडझाप करीत क्षण खात असतो. स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते २००८ साली त्याचे अनावरण झाले. हे घड्याळ दर पाच मिनिटांनी एकदाच काय ते बिनचूक वेळ दाखवते. माझे वेळापत्रक या किड्यानेच खाल्ले असावे, असे हिचे मत पडले.

संध्याकाळी किंग्जच्या चॅपेलमध्ये प्रार्थनेला बसलो. एरवी चॅपेल पाहायला तिकीट पडते, प्रार्थनेला पडत नाही. ही हिची आवडती गोष्ट. १४४६ साली काम सुरू झाले, मध्ये राजे बदलले, यादवी युद्ध झाले, पैसे संपले, आणि दगडी बांधकाम पुरे व्हायला १५१५ साल उजाडले. आत दोनशे एकोणनव्वद फूट लांब आणि ऐंशी फूट उंच असे एकच दालन. वर छताला दगडाचे पंखे उलगडत गेले आहेत. ताडाच्या झापांनी मांडव घातला आहे असेच आम्हा कोकणातल्या माणसांना वाटावे. मुले गाऊ लागली तेव्हा शब्द आम्हाला कळले नाहीत. काकडआरतीला देवळात शब्द तरी कुठे कळतात? अण्णा डोळे मिटून बसले होते. झोप लागली असावी असे वाटून मी हात लावला, तर म्हणाले, "जागा आहे."

रात्री गेस्ट हाउसवर पुऱ्यांचा उरलेला डबा संपवताना ते आपणहून बोलू लागले. रामानुजन १९१४ साली इथे ट्रिनिटीत आला, १९१८ साली तिथला फेलो झाला. त्याला बोलावून घेणारा हार्डी स्वतः ट्रायपॉसमध्ये चौथा आला होता आणि ती परीक्षाच मोडून काढावी अशा मताचा होता. "आणि रामानुजन मद्रासकडे कॉलेजच्या परीक्षेत नापास झाला होता. गणित सोडून बाकी विषयांत. हे मला ठाऊक होतं. पण तेहतीस वर्षांत वर्गात मी ते कधी सांगितलं नाही. मुलं अभ्यास सोडतील म्हणून." थोडे थांबून ते चिरंजीवांना म्हणाले, "तू सोडू नकोस. पण ठाऊक असू दे."

रविवारी होडी. कॅम नदी आमच्या ओढ्यापेक्षा फार मोठी नाही. सपाट तळाच्या होडीत सहा माणसे बसतात आणि मागे उभा राहिलेला एक जण लांब काठी नदीच्या तळाशी रोवून ती ढकलतो. काठी विद्यार्थ्यासारख्या दिसणाऱ्या एका मुलाच्या हातात होती. कॉलेजांच्या मागच्या हिरवळी, वाकलेले विलो, एकामागून एक पूल. सेंट जॉन्सचा १८३१ सालचा झाकलेला पूल खालून पाहिला तेव्हा अण्णांनी टोपी काढली. पुलासाठी की परांजप्यांसाठी, ते मी विचारले नाही. क्वीन्सचा लाकडी 'गणिती पूल' सरळ फळ्यांचा असून कमानीसारखा दिसतो. तो न्यूटनने एका खिळ्याविना बांधला अशी दंतकथा आहे. अण्णांनी ताबडतोब विचारले, "बांधला कधी?" १७४९ साली. "न्यूटन १७२७ साली गेला," अण्णा म्हणाले आणि दंतकथा निकालात निघाली.

मुलाने चिरंजीवांनाही काठी धरू दिली. दुसऱ्याच टेकणीला ती चिखलात रुतली आणि चिरंजीव तिला लोंबकळू लागले. "काठी सोड!" अण्णा ओरडले. "काठी सोड, होडी सोडू नकोस!" आंजर्ल्याच्या खाडीत होड्या पाहिलेला माणूस तो. त्याच क्षणी त्या मुलानेही इंग्रजीत तेच सांगितले. चिरंजीवांनी काठी सोडली, होडीत धपकन बसले, आणि काठी मागे चिखलात उभीच राहिली. दुसऱ्या होडीतल्या माणसांनी ती आणून दिली.

परतीच्या गाडीत मी टाचण उघडून हिशेब केला. सतरांपैकी सहा कलमे झाली होती. दिवाळीनंतर किंवा पुढच्या सुट्टीत कोणी त्या बाजूला जाणार असेल तर माझे अनुभवाचे बोल असे : एका दिवसात धावत जाऊन येण्यापेक्षा एक रात्र राहा, मे-जूनमध्ये जाणार असाल तर कोणते कॉलेज उघडे आहे ते आधी विचारा, विद्यार्थ्यांची सुट्टी असते तेव्हा कित्येक कॉलेजे रिकाम्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, त्यांची चौकशी करा, आणि म्हाताऱ्या माणसांना बसावेसे वाटेल तिथे बसू द्या. जाण्याआधी जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व' वाचा. त्या चार नगरांत केंब्रिज आहे. ते आणि त्यांचे वडील दोघेही तिथले रँग्लर. नारळीकर २०२५ साली गेले. ते पुस्तक परत आल्यावर मी चिरंजीवांच्या टेबलावर ठेवले आहे. वाच म्हणालेलो नाही. त्यातली खूण मात्र पुढे सरकते आहे.

दहावीचा निकाल आम्ही लंडनला असतानाच लागला. सकाळी भाचीने तो मोबाइलवर काढला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मी तो न पाहता अण्णांकडे दिला. त्यांनी चष्मा लावला, गणिताचा आकडा पाहिला, आणि मोबाइल चिरंजीवांच्या हातात दिला. "तुझा आहे. तूच वाच. मोठ्यानं नाही वाचलास तरी चालेल."

किती गुण पडले ते मी इथे लिहीत नाही. १९०९ सालीच ती पद्धत बंद झाली आहे.